अविरोधाचा मोह : पृथ्वीचा आकार, ताऱ्यांचे दर्शन आणि पालि वाङ्मय

पृथ्वी गोल आहे की सपाट, हा प्रश्न विद्वत्सभेतून केव्हाच निकाली निघाला आहे. लोकमानसातून मात्र तो पूर्णपणे गेलेला नाही. अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी त्याला पुन्हा उभे केले आहे. पाणी नेहमी समपातळीत राहते, मग गोलावर समुद्र कसा टिकेल? पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर ध्रुवतारा जागचा का हलत नाही? वर्षानुवर्षे तीच नक्षत्रे त्याच आकृतीत कशी दिसतात? परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या तालुक्याच्या गावीही वर्षावासातील ग्रंथवाचन संपले की तरुण उपासक हे प्रश्न विचारतात. प्रश्न विचारणे हे बौद्धाचे लक्षण आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार करावी लागते ती आपल्याकडून दिल्या जाणाऱ्या उत्तरांबद्दल.

ही उत्तरे साधारणतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारचे उत्तर देणारे म्हणतात की, तिपिटकात सिनेरू पर्वत आणि चार महाद्वीपे सांगितली आहेत, तेव्हा आधुनिक भूगोलाविषयी शंका घेण्यास जागा आहे. दुसऱ्या प्रकारचे उत्तर देणारे म्हणतात की, पृथ्वी गोल असल्याचे भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. युरोपला ते फार उशिरा कळले. पहिले उत्तर ग्रंथाला विज्ञानावर बसविते, दुसरे विज्ञानाला ग्रंथात घुसविते. वरवर परस्परविरोधी वाटणारी ही दोन्ही उत्तरे एकाच समजुतीतून निघतात. ग्रंथ आणि वस्तुस्थिती यांत विरोध असूच शकत नाही, ही ती समजूत होय. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा करावयाची आहे.

१. पालि ग्रंथांत काय आहे?

प्रथम जे आहे ते आहे असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा दाखविला पाहिजे. पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोसांनी 'विसुद्धिमग्ग' रचला. धर्मानंद कोसंबींनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली, त्यामुळे मराठी अभ्यासकाला हा ग्रंथ मुळातून तपासणे अवघड नाही. त्याच्या सातव्या परिच्छेदात 'लोकविदू' या बुद्धगुणाचे विवरण करताना चक्रवाळाची मापे दिली आहेत. चक्रवाळाची लांबी व रुंदी १२,०३,४५० योजने. परीघ ३६,१०,३५० योजने. पृथ्वीची जाडी २,४०,००० योजने. तिच्याखाली ४,८०,००० योजने पाणी आणि त्याखाली ९,६०,००० योजने वायू. मध्यभागी सिनेरू पर्वत, समुद्रात ८४,००० योजने बुडालेला आणि तितकाच वर आलेला. चंद्रमंडल ४९ योजनांचे, सूर्यमंडल ५० योजनांचे, जंबुद्वीप १०,००० योजनांचे.

या आकड्यांकडे क्षणभर बारकाईने पाहावे. परीघाला व्यासाने भागले असता उत्तर नेमके ३ येते. प्रत्यक्षात कोणत्याही वर्तुळाचे हे गुणोत्तर ३.१४ पेक्षा किंचित अधिक असते. गाडीच्या चाकाला दोरी गुंडाळून पाहणाऱ्या सुतारालाही हा फरक कळतो. याचा अर्थ ही संख्या कोणी मोजून काढलेली नाही. परंपरेने चालत आलेल्या एका मापाची तिप्पट करून ती मिळविलेली आहे. याच शतकाच्या अखेरीस, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभट हेच गुणोत्तर ३.१४१६ असे देत होता आणि पृथ्वी गोल असून स्वतःभोवती फिरते असे सांगत होता. आचार्य बुद्धघोसांचे ध्येय निराळे होते. ते साधकासाठी बुद्धानुस्सतीचे विवरण करीत होते. त्यांची थोरवी शील, समाधी आणि प्रज्ञा यांच्या विवेचनात आहे. भूगोलाच्या बाबतीत त्यांनी परंपरेची मापे जशीच्या तशी नोंदविली, एवढेच म्हणता येते.

हा सारा भाग अट्ठकथाकारांचा आहे, मूळ सुत्तांत असे काही नाही, असे म्हणून काही अभ्यासक सुटका करून घेतात. तसे म्हणता येत नाही. अंगुत्तरनिकायातील सत्तसुरियसुत्तात सिनेरूची ८४,००० योजनांची मापे आलेली आहेत. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात भूकंपाची कारणे सांगताना पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर आणि वायू आकाशात स्थित असल्याचे म्हटले आहे. तेव्हा सपाट पृथ्वीची तत्कालीन समजूत निकायांतही शिरलेली आहे, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

२. 'परिवटुम' या शब्दाचा विपर्यास

दुसऱ्या बाजूने गोल पृथ्वीचा पुरावा म्हणून ज्या शब्दाचा आधार घेण्याचा मोह होतो, तो शब्द म्हणजे दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, आलेला 'परिवटुम'. लोक हा अंतवान आणि परिवटुम आहे, असे तेथे एक विधान आहे. 'वट्ट' म्हणजे गोल, म्हणून परिवटुम म्हणजे गोलाकार, आणि लोक म्हणजे पृथ्वी. अशी तीन पायऱ्यांची उडी मारली की भगवंतांनी पृथ्वी गोल सांगितली, हे सिद्ध झाले असे वाटू लागते.

यातील प्रत्येक पायरी सदोष आहे. परिवटुम या शब्दाचा अर्थ भोवताली सीमा असलेला, परिवेष्टित असा आहे. चेंडूसारखा गोल असा अर्थ त्यातून निघत नाही. 'लोक' हा शब्द येथे समग्र विश्वासाठी आहे, आपल्या पायाखालच्या पृथ्वीसाठी नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हे विधान भगवंतांचे नव्हेच. समाधीच्या अनुभवावरून जगाला अंत आहे असा निष्कर्ष काढणाऱ्या काही श्रमण-ब्राह्मणांचे ते मत आहे. बासष्ट दृष्टींच्या जाळ्यात भगवंतांनी त्याची गणना केली आहे. लोक अनंत आहे असे म्हणणारे, वर-खाली अंतवान पण आडवा अनंत आहे असे म्हणणारे, आणि दोन्ही नाकारणारे तार्किकही त्याच जाळ्यात आहेत. ज्या मताला तथागतांनी दृष्टिजालात टाकले, तेच त्यांच्या नावावर चढविणे हा श्रद्धेचा नव्हे, वाचनाचा दोष आहे. संदर्भ तोडून शब्द उचलण्याची ही पद्धत वेदांत विमाने शोधणाऱ्यांची आहे. ती आपण उचलावी, याचे वैषम्य वाटते.

३. सेलूच्या आकाशाची साक्ष

ग्रंथ बाजूला ठेवून आता आकाशाकडे वळू. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील सेलू हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेएकोणीस अंशांवर आहे. येथून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ तितक्याच अंशांवर दिसतो. दिल्लीहून तो सुमारे साडेअठ्ठावीस अंशांवर, तर कन्याकुमारीहून जेमतेम आठ अंशांवर दिसतो. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेस गेले की तो क्षितिजाखाली जातो. सेलू आणि कन्याकुमारी यांचे दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,२६० किलोमीटर आणि ध्रुवाच्या उंचीतील फरक सुमारे ११.४ अंश. म्हणजे एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर. दिल्लीकडे जातानाही हेच प्रमाण मिळते. ३६० अंशांना याच हिशेबाने गुणले की पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास येतो. पृथ्वी सपाट असती आणि ध्रुवतारा तिच्यावर कंदिलासारखा टांगलेला असता, तर दूर जाणाऱ्याला तो खाली खाली दिसला असता हे खरे. परंतु प्रत्येक १११ किलोमीटरला नेमका एक अंश असा सारखा उतरला नसता, आणि क्षितिजाखाली तर कधीच गेला नसता.

दक्षिणेकडचे तारे हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगतात. अगस्त्याचा तेजस्वी तारा हिवाळ्यात सेलूहून दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त अठरा अंश वर येतो. दिल्लीत तो नऊ अंशांपर्यंतच चढतो, तर कन्याकुमारीला एकोणतीस अंशांपर्यंत. मे महिन्यातील रात्री सेलूच्या दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकूचा सर्वांत खालचा तारा सात अंशांवर दिसतो. दिल्लीकराला तो उगवलेला दिसतच नाही. एकच आकाश दोन गावांना निराळे दिसते, कारण दोन्ही गावे वक्र पृष्ठभागावर निरनिराळ्या जागी उभी आहेत.

तारे वर्षभर तेच दिसतात, हा आक्षेप तर आमच्या शेतकऱ्याने सहज खोडून काढावा असा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो आणि मराठवाड्यात पेरणीची लगबग सुरू होते. परंतु त्या दिवसांत रात्री आकाशात मृगाचे तारे शोधले तर सापडत नाहीत. सूर्य त्याच दिशेला असल्यामुळे ते दिवसा डोक्यावरून जातात. तेच मृग जानेवारीच्या संध्याकाळी पूर्वेकडे ठळकपणे दिसते, आणि त्या वेळी वृश्चिक दिसत नाही. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. महिन्याला दोन तास, वर्षाला पुरे चोवीस तास. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेचा हा रोजचा हिशेब आहे. तरीही नक्षत्रांच्या आकृती बदलत नाहीत, याचे कारण अंतर. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून दूर आहे. एवढ्या अंतरामुळे पृथ्वीच्या कक्षेतून दिसणारे त्याचे विस्थापन डोळ्यांना जाणवत नाही. ते प्रथम मोजले जाऊन जाहीर झाले १८३८ साली, बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाकडून.

४. भास्कराचार्यांचा बौद्धांवरील आक्षेप

या प्रश्नावर बौद्धांची जाहीर कानउघाडणी करणारा पंडित महाराष्ट्राच्याच परंपरेतील आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना फारशी परिचित नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे; काळ शके ११२८, सत्ता देवगिरीच्या यादवांची.

या ग्रंथाच्या गोलाध्यायात भास्कराचार्य बौद्धांना उद्देशून विचारतात की, वर फेकलेली जड वस्तू जमिनीवर परत येते हे डोळ्यांनी पाहूनही पृथ्वी अवकाशात खाली पडत आहे, अशी व्यर्थ कल्पना तुम्ही कशी केली? येथे पालि अभ्यासकाने एक दुरुस्ती नोंदविली पाहिजे. खाली पडणाऱ्या पृथ्वीची मांडणी पालि निकायांत वा विसुद्धिमग्गात नाही. तेथे पृथ्वी पाण्यावर आणि वायूवर आधारलेली आहे. त्यामुळे हा विशिष्ट आक्षेप थेरवादी ग्रंथांना लागू पडत नाही.

परंतु एवढ्यावर समाधान मानता येत नाही. त्याच प्रकरणात पौराणिकांना विचारलेले तीन प्रश्न आपल्यालाही तंतोतंत लागू पडतात. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर दूर फिरणारा सूर्य देवांप्रमाणे माणसांनाही सदैव का दिसत नाही? मेरूच्या आड गेल्याने रात्र होत असेल, तर तो मधला मेरू का दिसत नाही? आणि मेरू उत्तरेस असेल, तर सूर्य दक्षिणेच्या बाजूस कसा उगवतो? आचार्य वसुबंधूंच्या 'अभिधर्मकोशा'त एका द्वीपात माध्यान्ह असताना दुसऱ्यात मध्यरात्र, तिसऱ्यात सूर्यास्त आणि चौथ्यात सूर्योदय असतो, असे सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांत एकाच वेळी निरनिराळा प्रहर असतो, ही त्यातील जाण मोलाची आहे. पण तिचे कारण म्हणून दिलेला मेरू भास्कराचार्यांच्या तिसऱ्या प्रश्नापुढे टिकत नाही. डिसेंबरात सेलूला सूर्य पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश दक्षिणेस उगवतो. उत्तरेकडचा पर्वत त्याला तेथून कसा बाहेर काढणार?

जमीन सपाट का दिसते, याचेही उत्तर त्यांनी दिले आहे: परिघाच्या शंभराव्या भागापर्यंत वक्रता जाणवत नाही. चाळीस हजारांचा शंभरावा भाग म्हणजे चारशे किलोमीटर. गोदावरी-दुधनेच्या खोऱ्यातील सपाट रान पाहून पृथ्वीचा आकार ठरविणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. पेल्यातील पाण्यावरून समुद्राचा निर्णय करणाऱ्या आजच्या चित्रफितींनाही हेच उत्तर पुरेसे आहे.

५. 'अविरोध' नावाचा रोग

ज्योतिष आणि पुराण यांतील हा वाद मराठीत उघडपणे खेळला गेला तो १८३६-३७ च्या सुमारास. भोपाळजवळच्या सिहोर येथे ब्रिटिश पोलिटिकल एजंट लान्सेलॉट विल्किन्सन याने चालविलेल्या पाठशाळेतील पंडित सुबाजी बापू यांनी 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक १८३६ साली लिहिले. पुराणातील सपाट पृथ्वी नाकारून त्यांनी सिद्धान्तग्रंथांची आणि कोपर्निकसची बाजू मांडली. त्याला प्रत्युत्तर म्हणून 'अविरोधप्रकाश' हा ग्रंथ पुढे आला. त्याचे नावच त्याचा हेतू सांगते. पुराण आणि सिद्धान्त यांत विरोध दिसतो, पण तो वास्तविक नाही. दोन्ही खरे मानता येतात, असे दाखविण्याचा तो खटाटोप होता.

बौद्ध देशांतही हा खटाटोप झाला. जपानमध्ये एन्त्सू या भिक्खूने १८१० साली सुमेरूकेंद्री विश्वाचे समर्थन करणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सिंहलद्वीपात १८७३ साली पानदुरा येथे मिशनऱ्यांशी झालेल्या प्रसिद्ध वादविवादात मोहोट्टिवत्ते गुणानंद थेरांनी होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते हा मेरूच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून मांडला. धम्माच्या बचावासाठी त्यांनी दाखविलेले धैर्य वंदनीय आहे, परंतु ही युक्ती चुकीची होती. याउलट तिबेटी पंडित गेंदुन छोफेल यांनी १९३८ साली कालिंपोंगच्या 'मेलोंग' या वृत्तपत्रात पृथ्वी गोल असल्याचे निःसंदिग्धपणे लिहिले आणि भगवंतांनी तत्कालीन लोकांच्या समजुतीस धरून विश्वाचे वर्णन केले, अशी भूमिका घेतली. पुढे २००५ साली दलाई लामांनीही आपल्या ग्रंथात मेरूकेंद्री विश्वरचना प्रत्यक्ष पुराव्याशी विसंगत असल्याचे मान्य केले. यामुळे त्या परंपरेतील करुणेचे वा शून्यतेचे विवेचन तिळमात्र उणे झाले नाही.

६. ग्रहणाचा राहू आणि आपला इतिहास

येथे कोणी विचारील की, पृथ्वी कशीही असो, आम्हा धम्मानुयायांचे त्यात काय अडले? याचे उत्तर आपल्या सामाजिक इतिहासात आहे.

चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारी सावली पृथ्वीची असते आणि तिची कड नेहमी वर्तुळाकार दिसते. ७ सप्टेंबर २०२५ रोजीचे खग्रास चंद्रग्रहण भारतभरातून दिसण्याजोगे होते. ज्या ठिकाणी आकाश मोकळे होते, तेथे पृथ्वीच्या गोलपणाचा हा पुरावा उघड्या डोळ्यांनी पाहता आला. भास्कराचार्यांना ग्रहणाचे हे कारण पूर्णपणे ठाऊक होते. ग्रहणाचे गणित त्यांनी सावलीवरूनच केले. तरीही वेद, संहिता आणि पुराणे यांना खोटे पाडायचे नाही म्हणून, ब्रह्मदेवाच्या वराने राहूच त्या सावलीत शिरून चंद्राला झाकतो, अशी जोड त्यांनी लावली. पौराणिकांना एवढे धारेवर धरणारा हा प्रखर गणितीही अखेरीस अविरोधाच्या आहारी गेला.

या जोडणीची किंमत कोणी मोजली? महाराष्ट्राच्या गावोगावी ग्रहणकाळी 'दे दान, सुटे गिऱ्हाण' अशी हाळी देत फिरण्याचे काम मांग आणि महार समाजाच्या वाट्याला आले. ग्रहणाला विटाळ मानले गेले, राहू-केतूंचे नाते अस्पृश्य जातींशी जोडले गेले, आणि त्यांना दान दिले की चंद्र सुटतो असे समजले गेले. सावलीचे शास्त्र पंडिताच्या पोथीत राहिले. विटाळाची सावली मात्र आमच्या पूर्वजांच्या अंगावर पडली. ज्ञान असूनही ग्रंथप्रामाण्यापुढे मान तुकविली की त्याचे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

म्हणूनच आपल्याकडच्या राहूकडेही डोळेझाक करता येत नाही. संयुत्तनिकायातील चंदिमसुत्त आणि सुरियसुत्त यांत राहू असुरेंद्र चंद्राला व सूर्याला ग्रासतो, ते भगवंतांना शरण जातात आणि राहू त्यांना सोडून देतो, असे वर्णन आहे. परित्राण-पाठांच्या संग्रहांतही ही सुत्ते समाविष्ट आहेत. भयभीत जीवाला बुद्धाच्या करुणेचा आधार, या भावनेने कोणी ती वाचली तर आक्षेप नाही. पण ग्रहणाचे कारण म्हणून ती सांगितली जाऊ नयेत. ग्रहणाच्या वेळी अन्न टाकून देणे, गर्भवतीला कोंडून ठेवणे हे प्रकार जर उपासकांच्या घरांत अजून कोठे होत असतील, तर ते घर राहूच्या तावडीतून सुटलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

७. निकष कोणता?

मग निकायांतील विश्ववर्णनाचे काय करावे? यासाठी बाहेरून निकष आणण्याचे कारण नाही. तो तिपिटकातच आहे. मज्झिमनिकायातील चूळमालुंक्यसुत्तात लोक शाश्वत आहे की अशाश्वत, अंतवान आहे की अनंत, हे प्रश्न भगवंतांनी अनुत्तरित ठेवले. विषारी बाण लागलेल्याने बाण मारणाऱ्याचे कुळ-गोत्र विचारीत बसू नये, हा त्यातील दृष्टांत सर्वपरिचित आहे. संयुत्त व अंगुत्तर या दोन्ही निकायांत आलेल्या रोहितस्ससुत्तात जगाचा अंत गाठण्यासाठी शंभर वर्षे धावणारा रोहितस्स वाटेतच मरतो, आणि भगवान त्याला सांगतात की लोक, लोकाचा उदय व निरोध याच वावभर देहात जाणावयाचा आहे. ज्या शास्त्याने पृथ्वीचा आकार हा आपल्या शासनाचा विषयच केला नाही, त्याच्या शासनाचे भवितव्य पृथ्वीच्या आकाराला बांधणे हा त्याच्यावरच अन्याय होय.

याचा अर्थ आकाशाकडे पाहूच नये, असा नाही. ब्रह्मजालसुत्तात ग्रह-नक्षत्रांवरून भविष्य सांगून उपजीविका करणे ही हीन विद्या ठरविली आहे, आणि नक्खत्तजातकात मुहूर्त पाहत बसलेल्याची वधू दुसऱ्याच्या घरी जाते. परंतु विनयपिटकातील चुल्लवग्गात अरण्यवासी भिक्खूंनी नक्षत्रे आणि दिशा शिकून घ्याव्यात, असा स्पष्ट नियम आहे. आज कोणते नक्षत्र आहे, हे भिक्खूंना सांगता आले नाही, असा प्रसंग त्या नियमामागे आहे. म्हणजे ताऱ्यांवरून भाग्य वाचणे निषिद्ध, ताऱ्यांवरून दिशा आणि काळ ओळखणे कर्तव्य. फलज्योतिष आणि खगोल यांतील हा भेद विनयाने इतक्या प्राचीन काळी पाळला, याचा अभिमान आपण निःशंकपणे बाळगावा. तो खरा आहे, म्हणून टिकेल.

मिलिंदपञ्हातील एक प्रसंग या दृष्टीने फार उद्बोधक आहे. पृथ्वी पाण्यावर आणि पाणी वायूवर आहे, हे मला पटत नाही, असे मिलिंद राजा स्पष्ट सांगतो. नागसेन स्थविर त्याला श्रद्धेने मान, असे म्हणत नाहीत. ते धम्मकरक हे पाणी गाळण्याचे भांडे घेऊन, वायूने पाणी कसे धरून ठेवता येते ते प्रत्यक्ष दाखवितात. आज आपण म्हणू की या प्रयोगाने वायूचा दाब सिद्ध होतो, पृथ्वी पाण्यावर असल्याचे सिद्ध होत नाही. एका भांड्यावरून सगळ्या पृथ्वीचा निर्णय करता येत नाही. म्हणजे नागसेनांचा निष्कर्ष चुकला. तथापि शंका घेण्याचा राजाचा अधिकार आणि प्रत्यक्ष दाखविण्याची स्थविरांची तयारी, ही दोन्ही खरी ठरली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्याचे परिसराला, या निवडीतच मराठवाड्यातील बौद्धांच्या शिक्षणाची दिशा सांगितलेली आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या सांगितल्या आहेत. जे बुद्धिसंगत व तर्कसंगत आहे ते बुद्धाचे मानावे. ज्याचा मानवी कल्याणाशी संबंध नाही त्या चर्चेत बुद्ध कधी शिरले नाहीत, हे ध्यानी ठेवावे. आणि ज्याविषयी त्यांना निश्चिती होती आणि ज्याविषयी नव्हती, या दोन वर्गांतील भेद पाळावा, असा त्यांचा आशय आहे. या तिन्ही कसोट्या सिनेरूला लावल्या, तर उत्तर सहज मिळते. सिनेरू हे तत्कालीन भारताच्या कल्पनासृष्टीचे वर्णन आहे. चार आर्यसत्यांपैकी एकही त्यावर उभे नाही.

तात्पर्य, सपाट पृथ्वीच्या चित्रफितींना उत्तर देताना आपण तिपिटकातून गोल पृथ्वी शोधून काढू नये आणि तिपिटकातील सिनेरू लपवूही नये. दोन्ही प्रकार म्हणजे नव्या वेशातील अविरोधप्रकाशच होत. आपल्या पूर्वजांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे सोडले, त्यात देव-देवतांइतकेच शब्दप्रामाण्यही होते. एक पोथी टाकून दुसरी त्याच भावनेने डोक्यावर घेण्यासाठी ते धर्मांतर नव्हते. उद्या सेलूतील एखाद्या उपासकाने विहारात विचारले की, भन्ते, सुत्तात पृथ्वी पाण्यावर आहे असे म्हटले आहे, ते खरे काय? तर 'नाही, ती त्या काळची समजूत होती' असे सरळ उत्तर देता आले पाहिजे. नंतर त्याला अंगणात नेऊन उत्तर क्षितिजावर सुमारे वीस अंशांवरचा ध्रुवतारा दाखवावा, आणि कन्याकुमारीला तो कोठे दिसतो हे त्यालाच विचारावे. कालामांना आपल्या अनुभवावर पारखून घेण्यास सांगणाऱ्या शास्त्याच्या परंपरेशी असे उत्तर सुसंगत आहे.